जुना टू-इन-वन उघडला: बेल्टपासून डायलच्या दोऱ्यापर्यंतच्या नोंदी

जुना टू-इन-वन (रेडिओ आणि कॅसेट टेप एकाच सेटमध्ये) दुरुस्त करतानाच्या या नोंदी मी वहीत माझ्यासाठीच लिहीत होतो, कारण आज काढलेला स्क्रू उद्या कुठला होता ते मला आठवत नाही. पण काम चालू असताना ज्या दोनचार संग्राहक मंडळींनी मला फोनवर हाताला धरून शिकवलं, ते सगळे म्हणाले की चुकांसकट लिहून ठेव, पुढच्याचं सामान वाचेल. म्हणून चुकांसकट. सेटचं मॉडेल मुद्दाम देत नाही. ऐंशीच्या दशकातल्या बहुतेक जपानी बूमबॉक्सच्या पोटात थोड्याफार फरकाने हेच निघतं. एक डेक (कॅसेट फिरवणारी यंत्रणा), तीन रबरी बेल्ट, दोन मोठे स्पीकर, दोन छोटे आणि मागे आठ मोठे सेल.

४ जानेवारी

सेट घरी आला. सेल न घालताच साडेसहा किलो. विकणारा म्हणाला "चालू आहे, फक्त बेल्ट बदला". जुन्या टेपच्या बाबतीत हे वाक्य ऐकलं की समजायचं बेल्ट सोडून बाकी सगळंही बघावं लागणार. अँटेना अर्ध्यात तुटलेला, कॅसेटचं दार धाडकन उघडतं, सेलच्या खणात हिरवट पांढरा थर, व्हॉल्यूमचं बटण फिरवलं की खरखर, पण बॉडीला कुठे तडा नाही आणि हँडल शाबूत.

प्लग हातात घेतला होता. तेवढ्यात ज्यांना फोटो पाठवला होता त्या काकांचा फोन आला (आम्ही सगळे त्यांना बेल्टवाले काका म्हणतो, कारण त्यांच्या कपाटात मापानुसार डब्यांत लावलेले बेल्टच बेल्ट आहेत). पहिलंच वाक्य: "मागे व्होल्टेजचा सिलेक्टर आहे का बघ, लावायच्या आधी." होता. आणि काटा ११०-१२० वर होता. माझ्या भिंतीत २३०. म्हणजे अजून दहा सेकंद उशिरा फोन आला असता तर ही नोंदवही ट्रान्सफॉर्मरच्या धुरातच संपली असती.

सिलेक्टर २२०-२४० वर केला तरी काका म्हणाले थेट लावायचा नाही. जुना तारेचा ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये घालून लाव. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा. एलईडी बल्ब इथे चालत नाही, तारेचाच लागतो. मंद झाला. रेडिओ बोलला, उजवीकडून घरघरीसकट, डावीकडून मनात येईल तेव्हा. प्ले दाबलं तर आत मोटर फिरल्याचा आवाज, कॅसेट ढिम्म.

५ जानेवारी

सेलचा खण. वाचलं होतं की गळलेल्या सेलवर व्हिनेगर लावायचं, म्हणून लावलं. काहीच झालं नाही, उलट स्प्रिंग ओल्या होऊन तपकिरी दिसायला लागल्या. संध्याकाळी लक्षात आलं की खणात चिकटलेला कागदाचा तुकडा जुन्या साध्या कार्बन-झिंक सेलचा आहे, आणि त्या सेलांतलं पाणी आम्लच असतं. आम्लावर आम्ल ओतत होतो मी. अल्कलाइन सेल गळला असेल तर व्हिनेगर, साधा जुना सेल गळला असेल तर खायचा सोडा. सोड्याची पेस्ट लावल्याबरोबर फेस आला, दहा मिनिटांत निघालं सगळं. स्प्रिंगवरचा मुलामा मात्र गेलेला, तिथे पॉलिश पेपर मारून सोल्डरचा पातळ थर चढवला, म्हणजे परत गंजणार नाही.

११ जानेवारी

आज उघडला. मागचे सहा स्क्रू, सेलच्या खणातले दोन, आणि हँडलखाली लपलेला एक, जो न काढता मी वीस मिनिटं पाठ ओढत बसलो होतो. स्क्रूंची लांबी वेगवेगळी आहे. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर पुढून टोक बाहेर येतं, त्यामुळे पुठ्ठ्यावर सेटचं चित्र काढून स्क्रू तिथल्या तिथे टोचून ठेवले. ही एकच गोष्ट मी पहिल्या दिवसापासून बरोबर केली.

बेल्ट नाहीतच. बेल्ट होते असं म्हणावं लागेल. मोटरच्या पुलीवर, फ्लायव्हीलच्या (बेल्टने फिरणाऱ्या जड चाकाच्या) कडेला आणि डेकच्या पत्र्यावर काळं डांबर झालेलं. चाळीस वर्षांत रबर वितळून असंच होतं. हे बोटाला लागलं की नाकाला लागतं, नाकाला लागलं की चष्म्याला, आणि साबणाने जात नाही. हातमोजे घाला, मी घातले नव्हते. आधी लाकडी काडीने खरवडून घ्यायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या. साठेक काड्या संपल्या. पुलीच्या खाचेत एक कण जरी राहिला तर पुढे दर फेरीला आवाजात हेलकावा येतो असं काका बजावून म्हणाले होते, मी "हो हो" म्हणालो होतो.

डेक बाहेर काढायला ट्यूनरची (रेडिओच्या भागाची) प्लेट थोडी पुढे घ्यावी लागत होती. घेतली. टुंग असा आवाज आला.

११ जानेवारी, रात्री उशिरा

टुंग म्हणजे डायलचा दोरा. रेडिओचा काटा ज्या दोऱ्यावर सरकतो तो. स्प्रिंग ड्रमच्या आत, दोरा माझ्या मांडीवर, काटा जमिनीवर. फोटो काढला होता का? स्क्रूंचे चौदा फोटो आहेत. दोऱ्याचा एकही नाही.

वरवर बघता काय त्यात, चार पुल्या, एक ड्रम आणि ट्यूनिंगचा दांडा. पण दोरा दांड्यावर किती वेढे, कुठल्या दिशेने, ड्रममधून कुठल्या फटीतून आत, हे चुकलं की काटा उलटा पळतो किंवा अर्ध्यात अडकतो. पहिल्यांदा लावला, काटा उलटा. दुसऱ्यांदा लावला, काटा सरळ पण दांडा नुसताच फिरतोय. तिसऱ्यांदा शेवटची गाठ मारताना चिमटा सुटला आणि सगळं परत मांडीवर. पहाटे दीडला झोपलो.

१२ जानेवारी

हाच सेट असलेल्या एक ताई आहेत, सर्किट वाचण्यात त्यांचा हात कोणी धरत नाही. त्यांना भीत भीत विचारलं की दोऱ्याचा फोटो आहे का. फोटो नव्हता. तासाभराने व्हिडिओ आला. बाईंनी माझ्यासाठी स्वतःचा चालू, धडधाकट सेट उघडला होता. व्हिडिओत आवाज: "दांड्यावर तीन वेढे, खालून वर. आणि ड्रम आधी चिकटपट्टीने एका टोकाला पक्का करा, नाहीतर तुम्हाला तिसरा हात लागेल."

चिकटपट्टीचं कोणी आधी सांगितलं असतं तर! तरी एक चूक केलीच. मूळ दोरा टोकाला फाटला होता म्हणून मासेमारीची पारदर्शक तार वापरली. ती गुळगुळीत, दांड्यावर घसरते. ताई म्हणाल्या विणलेला दोरा घ्या, एकेरी तार नको. मग विणलेला आणला आणि पाचव्या प्रयत्नात काटा ८८ पासून १०८ पर्यंत गेला आणि परत आला. दोन दिवसांचे मिळून सात तास, आणि ज्या गोष्टीत मुळात काही बिघाडच नव्हता तिच्यासाठी.

(ताईंचा दुसरा एक सेट जपानच्या बाजारातला आहे, त्याचा एफएम ७६ ते ९० वरच संपतो. घ्यायच्या आधी डायलचा फोटो मागवत जा, बाहेर देखणा सेट आणि आत ऐकायला जेमतेम दोन मेगाहर्ट्झ असं होतं.)

१८ जानेवारी

बेल्टचं माप. जुने वितळलेत, तर मोजणार काय? काकांची पद्धत: ज्या पुल्यांवरून बेल्ट जातो त्यांच्यावरून दोरा फिरवायचा, ताणायचा नाही, नुसता टेकवायचा, मग तो सरळ करून मोजायचा आणि पाच ते सात टक्के कमी करायचे. माझा मुख्य बेल्टचा दोरा २३० मिलिमीटर भरला, म्हणजे २१५ च्या आसपासचा घेरा. हल्लीचे विक्रेते कोणी घेरा लिहितात, कोणी व्यास, ते नीट वाचा.

मी घाईत मिक्स बेल्टचं पाकीट मागवलं, त्यात सगळे चौकोनी छेदाचे. कॅसेट फिरली! पहिल्यांदा आवाज आला, नाचायचंच बाकी होतं. पण गाणं असं की गाणारा होडीत बसलाय. फोनवरच्या ॲपमध्ये वॉव-फ्लटर, म्हणजे स्पीड किती डळमळतो त्याचं माप, ०.६ टक्के. फ्लायव्हीलची कड सपाट आहे, तिथे चपटाच बेल्ट लागतो. चौकोनी बेल्ट तिथे पीळ खातो आणि पीळ फिरत राहतो. काकांना सांगितलं तर ते नुसतं "हं" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी चपटा बेल्ट कुरियरने टाकला. पैसे घेतले नाहीत, म्हणाले पुढच्याला तू दे.

२५ जानेवारी

चपटा बेल्ट बसवला, पाच मिलिमीटर रुंद. ०.६ चं ०.३५ झालं. सुधारलं, पण पुरेसं नाही, या दर्जाच्या डेकवर ०.१५ च्या आसपास यायला हवं. शिवाय दहा मिनिटं वाजलं की स्पीड हळूहळू पडतो. मी ठरवून टाकलं की मोटर गेली. कोणाला न विचारता नवी मोटर मागवली.

१ फेब्रुवारी

मोटर आली. व्होल्टेज बरोबर, आकार बरोबर, भोकं बरोबर. लावली, कॅसेट उलटी ओढायला लागली. मोटरच्या पाठीवर बारीक अक्षरात फिरण्याची दिशा छापलेली असते, सीडब्ल्यू म्हणजे घड्याळाच्या दिशेने, सीसीडब्ल्यू म्हणजे उलट. माझी जुनी सीसीडब्ल्यू, नवी सीडब्ल्यू. म्हटलं तारा उलट्या जोडू, साधी डीसी मोटर तर आहे. साधी नसते. आत स्पीड धरून ठेवणारं छोटं सर्किट असतं, तारा उलट्या केल्या तर मोटर फिरणार नाहीच, वर ते सर्किट जाईल. हे ताईंना विचारलं म्हणून कळलं, आणि यावेळी जोडायच्या आधी विचारलं, एवढी प्रगती.

काकांना फोन केला तेव्हा त्यांनी मोटरचं नावच काढलं नाही. "बेल्ट काढ. फ्लायव्हीलला बोटाने टिचकी मार. किती वेळ फिरतं?" मारली. एक फेरी पण धड नाही.

"मग मोटर कशाला बदलतोयस?"

२ फेब्रुवारी

फ्लायव्हील बाहेर काढलं. कॅप्स्टनचा, म्हणजे टेप ओढणारा, दांडा ज्या पितळी बुशमध्ये (नळीत) फिरतो तिथलं जुनं तेल सुकून मेणासारखं झालेलं. शिवाय दांड्याच्या मुळाशी ११ तारखेचं थोडं डांबर, मीच अल्कोहोलने पातळ करून तिकडे ढकललेलं. बुश काडीने आतून पुसलं, दांडा पुसला, मशीन ऑइलचा एक थेंब. एकच. जास्त घातलं तर ते वर चढून पिंच रोलरवर (टेप दांड्यावर दाबून धरणाऱ्या रबरी चाकावर) येतं आणि मग टेप गुंडाळली जाते. दांड्याच्या वरच्या टोकाची पातळ प्लॅस्टिकची चकती पडून हरवू शकते, ती आधी डबीत टाका (माझी सतरंजीत सापडली, अर्धा तास).

आता टिचकीला फ्लायव्हील आरामात फिरत राहतं. जुनी मोटर परत लावली. ०.१४. स्पीड अर्ध्या तासातही पडत नाही.

नवी मोटर पडून आहे.

८ फेब्रुवारी

डावा चॅनल. रेडिओवर डावा स्पीकर येतो जातो, टेपवर अजिबात नाही. मी हेडकडे (टेपवरचा आवाज वाचणाऱ्या भागाकडे) बघितलं, हेडवर रेघ पडलेली दिसली, निष्कर्ष काढला: हेड झिजलं. नवीन हेड मागवलं. हो, परत न विचारता. मोटरच्या प्रकरणाला आठवडाच झाला होता.

१५ फेब्रुवारी

हेड आलं, बसवलं, चार बारीक तारा सोल्डर केल्या. डावा चॅनल गप्प तो गप्पच. आणि जुन्या हेडमध्ये दोन्ही बाजूंचा रेझिस्टन्स मल्टीमीटरवर सारखाच येत होता, जे मी हेड मागवायच्या *आधी* दोन मिनिटांत बघू शकलो असतो.

ताईंनी मग फोनवर एक एक पायरी करून घेतलं. टेप मोडमध्ये प्ले दाबून, व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवून, हेडच्या तारेला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावा आणि बोट धातूला ठेवा (सेलवर चालवून, मेन्स काढून, हे त्यांनी दोनदा सांगितलं). उजवीकडे गुंऽऽ आवाज. डावीकडे शांतता. म्हणजे हेडच्या पुढे कुठेतरी तुटतंय. "रेकॉर्ड स्विच," त्या म्हणाल्या. "लांब पट्टीसारखा असेल, दोन्ही बाजूंना पायच पाय."

होता. बोर्डाच्या मधोमध तीस पायांचा सरकता स्विच. रेकॉर्डचं बटण दाबलं की तो सरकून एकाच वेळी दहा कनेक्शन बदलतो आणि सोडलं की प्लेच्या जागी परत येतो. वर्षानुवर्षं कोणी रेकॉर्डिंग करत नाही, तो एकाच जागी उभा राहून काळा पडतो. एक चॅनल गायब, मधेच शिटी, मधेच ओरडणं, ही सगळी याचीच लक्षणं. कॉन्टॅक्ट क्लीनरची बारीक नळी स्विचच्या फटीत घालून दोन फुसकारे आणि मग चाळीसेक वेळा मागे पुढे. गंज सोडवायचा जो निळा पिवळा स्प्रे घरोघरी असतो तो नको, तो मागे चिकट थर सोडतो आणि त्याच्यावर धूळ बसते.

डावा चॅनल आला. कसा? जणू कधी गेलाच नव्हता.

व्हॉल्यूम, बास, ट्रेबल, बॅलन्स यांनाही तोच क्लीनर, रेडिओवरचा डावाही सुधारला, ते बॅलन्सच्या बटणातच होतं. पाच मिनिटांचं काम. नवीन हेड काढून जुनं परत लावलं, त्यात एक तास.

२१ फेब्रुवारी

उरली ती घरघर. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही दोन्ही स्पीकरमध्ये गुंजन, पण सेलवर चालवलं की बंद. ताईंचं निदान: पॉवर सप्लायचा मोठा फिल्टर कपॅसिटर (मेन्सची घरघर गाळणारा) थकलाय, तो एकच बदला, ३३०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा घ्या. "एकच" या शब्दावर त्यांनी जोर दिला होता.

मी सोल्डरिंग गन गरम होतीच म्हणून तेवीस बदलले.

म्हणजे विचार असा की उघडलाच आहे तर परत परत कशाला, सगळे जुने झाले असणार, एकदाच उरकून टाकू. रात्री अकरापर्यंत छान चाललं होतं, प्रत्येकाची उणे बाजू तपासून, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, एकही उलटा नाही. मोठ्या फिल्टरचा वरचा भाग खरंच फुगलेला होता. बाकीच्या बावीसपैकी वीस मीटरवर चांगले निघाले, काढून झाल्यावर मोजले ना.

२२ फेब्रुवारी

सकाळी लावला. घरघर गेली. उजवा चॅनलही गेला.

हे जुने तपकिरी बोर्ड नाजूक. जास्त वेळ उष्णता दिली की तांब्याचा पातळ पॅड बोर्डावरून सुटतो आणि सोल्डरचा थेंब वर चमकत राहतो, बघणाऱ्याला वाटतं जोड झकास आहे. दोन तास भिंग घेऊन शोधलं. शेवटी मल्टीमीटर बीपवर ठेवून सर्किटच्या नकाशावरून एक एक रेघ तपासली तेव्हा प्रीअँपजवळ (हेडचा बारीक आवाज वाढवणाऱ्या भागाजवळ) एक पॅड सुटलेला सापडला. पातळ तारेचा तुकडा पुढच्या जोडापर्यंत टाकून पूल बांधला, चॅनल परत आला. दिसायला वाईट आहे, पण पाठ लावल्यावर कोण बघतंय.

ताईंना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे जास्त लागलं. म्हणाल्या, पहिल्या सेटला सगळ्यांचे तेवीसच होतात.

१ मार्च

स्पीड. टेप सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर सरकली पाहिजे, आणि ते मोजायला एकाच सुराची टेस्ट कॅसेट लागते. आमच्यातले एक गृहस्थ, स्वतः हार्मोनियम वाजवतात, त्यांनी त्यांची कॅसेट पाठवली. ती वाजवायची, फोनवरचं ॲप फ्रिक्वेन्सी दाखवतं, मोटरच्या पाठीवरच्या भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हर घालून आतला ट्रिमर (स्पीड कमीजास्त करणारा छोटा स्क्रू) फिरवायचा. केसभर फिरवलं तरी वीस हर्ट्झ इकडचे तिकडे होतात, त्यामुळे श्वास रोखून. ॲपमध्ये ३१५० भरलेलंच होतं. तासाभराने आकडा ३१५० वर स्थिर झाला आणि मी काका आणि ताई दोघांनाही व्हिडिओ पाठवला.

३ मार्च

हार्मोनियमवाल्यांना त्यांचीच एक घरगुती रेकॉर्डिंगची कॅसेट या सेटवर वाजवून फोनवरून ऐकवली. अर्ध्या मिनिटात म्हणाले, "मी काळी एकला वाजवलं होतं. हे पांढरी दोनला टेकतंय."

मी ॲपचा आकडा सांगितला. ते म्हणाले आकडा राहू दे, पेटी माझी आहे.

उलगडा: टेस्ट टेप दोन प्रकारच्या असतात, काहींवर ३००० हर्ट्झ, काहींवर ३१५०. त्यांची ३००० ची. मी ३००० चा सूर ओढून ताणून ३१५० केला, म्हणजे बरोबर पाच टक्के जास्त स्पीड, जवळजवळ अर्धा सूर वर. ॲपमधला आकडा ३००० केला, ट्रिमर परत फिरवला. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू आता पूर्ण अर्धा तास चालते. परवा साडेअठ्ठावीस मिनिटांत संपली होती आणि मला वाटलं कंपनीने टेप कमी भरली असेल.

८ मार्च

अ‍ॅझिमथ, म्हणजे हेडचा तिरपेपणा. हेडच्या एका बाजूच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूने ठरतो. सेट मोनोवर (दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र) टाकायचा, आणि तारस्वर सर्वांत लख्ख येतील तिथे थांबायचं. मोनोवर फरक कानाला लगेच कळतो. मी हे माझ्या आवडत्या, घरीच भरलेल्या कॅसेटवर केलं आणि मग विकतच्या सगळ्या कॅसेट गोधडीतून आल्यासारख्या वाजायला लागल्या, कारण ती घरची कॅसेट ज्या डेकवर भरली त्याचंच हेड वाकडं होतं. मी त्या वाकडेपणाशी जुळवून घेतलं होतं. विकतच्या तीन चार कॅसेट आलटून पालटून लावत परत केलं आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाकून बंद केला.

हेड, कॅप्स्टन अल्कोहोलने पुसले. पिंच रोलर मात्र साबणाच्या पाण्याने, त्याच्या रबराला अल्कोहोल मानवत नाही.

१४ मार्च

बाहेरची सफाई. स्पीकरच्या जाळ्या काढून धुतल्या, बॉडी कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. मग डायलच्या काचेवर एक डाग दिसला. हातात अल्कोहोलची काडी होतीच.

डाग गेला. त्याच्याबरोबर १०० पण गेला. काचेवरचे आकडे आतून छापलेले असतील असं धरून चाललो होतो, ते बाहेरून होते. आता डायलवर ८८, ९२, ९६, मग कोरी जागा, मग १०४. ताई म्हणाल्या स्कॅन करून पाठवते, पारदर्शक कागदावर छापून लावा. बघू.

१५ मार्च

पाठ लावली. मोठे आठ सेल, दोन तास गॅलरीत, मीटरचे लाल दिवे तालावर. समोर छापलेले वॉट वाचून हुरळू नका, ते फक्त जाहिरातीचे असतात. आतला आयसी (आवाज वाढवणारी चिप) एका बाजूला पाचेक वॉट देतो आणि खोलीला ते पुष्कळ आहेत.

सेट जेवढ्याला घेतला त्याच्या जवळपास दीडपट सुट्या भागांवर गेले, आणि त्यातला निम्म्याहून जास्त खर्च हेड, मोटर आणि नको असलेले बावीस कपॅसिटर यांचा. कॅसेटचं दार अजून धाडकन उघडतं, त्याचा डँपर (दार हळू उघडू देणारा भाग) कुठे मिळाला नाही. काउंटरचा बेल्ट थोडा सैल आहे, आकडे मागे राहतात. मोटरचं मात्र मार्गी लागलं. काकांच्या ओळखीत एकाला सीडब्ल्यूच हवी होती आणि त्याच्याकडे माझ्या मापाचा अँटेना पडून होता. अदलाबदल झाली, दोघांनाही आपणच फायद्यात असं वाटतंय.

टेस्ट कॅसेट परत पाठवताना पुढच्याची फसगत नको म्हणून लेबलवर लाल पेनने मोठ्ठं ३००० लिहिलं. पोचल्यावर हार्मोनियमवाल्यांचा मेसेज आला: "दुसऱ्या बाजूला मी आधीच लिहिलं होतं."